नाताळातली भज्जी

भवानी पेठ, सोलापूर
२ डिसेंबर १९७३

प्रिय दाक्षायणी यांस,
सप्रेम सलाम.

सोलापूरहून कुणाचं पत्र म्हणून दचकला असाल. मी सुवार्ता, मिशनच्या दवाखान्यातली नर्स. तुमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची पट्टी मीच बदलत होते. तुम्ही पंधरा दिवस कॉटशेजारी चटईवर झोपलात आणि जाताना माझ्या हातावर शेंगाचटणीची पुडी ठेवून गेलात. ती आम्ही पुरवून पुरवून खाल्ली. गिरिजाबाईंनी चष्मा लावायला सुरुवात केली का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुम्ही खाली चहा आणायला गेला होता तेव्हाची गोष्ट. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "तुमचा मोठा सण कुठला?" मी म्हटलं, "नाताळ." तर म्हणाल्या, "तुझा बाप त्या दिवशी काय खातो?"

मला हसू आलं. पेशंट पगार विचारतात, लग्न का झालं नाही विचारतात, पण बाप काय खातो हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मटण, वडे, करंज्या. जगासारखंच." त्यांनी हात सोडला आणि कूस बदलली.

काल आईनं नाताळच्या सामानाची यादी काढली आणि माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं उत्तर दिलं. पंचवीस तारखेला उपासनेहून आल्यावर बाबा मटणाला हात लावायच्या आधी एक ताटली भाजी खातात. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, पालक, जे मिळेल ते सगळं एकत्र, डाळीचं पीठ लावून शिजवलेली. शेजारची अकबरीचाची दर वर्षी विचारते, "बडे दिन कू भाजी?" बाबा म्हणतात, "माझ्या आईच्या हातची आहे." म्हणजे करते माझी आईच. बाबा पाच वर्षांचे असताना मिशनच्या बोर्डिंगात आले. गाव ठाऊक नाही, जात ठाऊक नाही. एवढंच आठवतं की ज्वारीच्या ताटांची एक खोप होती, तिच्यात पांढरे दगड मांडलेले होते, आणि माणसं शेताभोवती ओरडत पळत होती. लहानपणी मला वाटायचं, बाबा बेथलेहेमचीच गोष्ट सांगतात. खोप म्हणजे गव्हाण, दगड म्हणजे मेंढरं.

आज मी आमच्या दवाखान्यातल्या स्वयंपाक्याला, येडूमामाला, हे सांगितलं. तो म्हणाला, "मलाबी त्या म्हातारीनं हेच विचारलं की." झाडूवाल्यालाही विचारलं होतं म्हणे. आता मला चैन नाही. त्या असं का विचारत होत्या?

तुमची,
सुवार्ता


॥ श्री मल्लिकार्जुन प्रसन्न ॥

मैंदर्गी
७ डिसेंबर १९७३

सुवार्ताताईंना दाक्षायणीचे शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र मिळालं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुकलं तर हसू नका. चष्मा आला. सासूबाई आता लांबून कावळे मोजतात.

ताई, तुमच्या वडलांची भाजी म्हणजे आमची भज्जी! इकडं मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे तुमची खोप, करतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असा निवद दाखवायचा. मग आंबील शिंपडत, कानडीत ओरडत शेताला फेरा घालायचा. त्या दिवशी घरी कुणी जेवत नाही, सगळं गाव रानात. यंदा येळवस सोमवारी, चोवीस तारखेला आहे. म्हणजे तुमच्या सणाच्या आदल्या दिवशी. तुमचे वडील नक्की आमच्या भागातले.

पण सासूबाईंचं काय ते मला कळत नाही. मी पत्र मोठ्यानं वाचत होते. खोपीपाशी आले तेव्हा त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. जेवायला हाक मारली तर आल्या नाहीत. मी विचारलं, "अत्ती, तुम्ही सगळ्यांना तसं का विचारलं?" तर म्हणाल्या, "म्हातारीचं तोंड. गप बसवत न्हाय." खरं सांगते, ऑपरेशन अक्कलकोटच्या कॅम्पात फुकट होत होतं. आमचे मालक तेच म्हणत होते. पण यांचा हट्ट, मिशनच्याच दवाखान्यात करीन, नाहीतर आंधळी राहीन. तेव्हा मला वाटलं, गोऱ्या डॉक्टरांवर भरवसा असेल.

वडलांना अजून काही आठवतं का ते विचारा. आणि मला एक सांगा. तुमच्यात देवाला निवद नसतो म्हणतात. मग एवढ्या करंज्या कुणापुढं ठेवता?

तुमची,
दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
११ डिसेंबर १९७३

प्रिय दाक्षायणी,
सलाम.

आधी करंज्यांचं. आम्ही निवद दाखवत नाही, ताटं भरून शेजारी देतो. अकबरीचाचीकडे पहिलं ताट, मग समोरच्या विणकरांकडे, मग पाळकसाहेबांकडे. उरतील त्या आमच्या. आई रोज रात्रीचं जेवण उरकलं की तळायला बसते. भिंतींना चुना झाला. बाबांनी कामट्या बांधून चांदणी केली, आता तिला पतंगाचा कागद चिकटवायचा आहे. नाताळ म्हणजे आमच्याकडे एवढंच. नवे कपडे यंदा फक्त आईला.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही, नुसतं विचारलं, "बाबा, येळवस माहीत आहे?" ते चांदणीला खळ लावत होते. त्यांचा हात थांबला. म्हणाले, "माझं गाव बोर्डिंग. पुढचं विचारू नकोस." बाबा तीस वर्षं मिलमध्ये जॉबर होते, त्यांच्या हाताखाली पन्नास माणसं. पण आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. परवा ऐकला.

पुढचं मला आईनं सांगितलं. लग्न नवीन असताना बाबा तिच्याजवळ एकदाच बोलले होते. त्यांना एक बहीण होती. नाव आठवत नाही, ते तिला अक्का म्हणत. तिनं त्यांना पाठीवर घेऊन आणलं, बोर्डिंगच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "हितंच बस. आलेच." ते बसून राहिले. आत चला म्हणून एका बाईनं हात धरला तर म्हणाले, "अक्का येणार आहे." नाव विचारलं तर म्हणाले, तम्मा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे त्या बाईला माहीत नव्हतं, पण हे नाव नव्हे एवढं तिला कळलं. तिनं शांतवन लिहिलं.

तेव्हा मानमोडीची साथ होती, माणसं रस्त्यात पडत होती. बाबा म्हणतात, अक्का वाटेतच गेली असणार, नाहीतर ती आली असती. मेलेल्या माणसावर कसला राग, असं म्हणतात.

दाक्षायणी, तुमच्या भागात असं घर कुणाच्या ऐकण्यात आहे का? सासूबाईंना हळूच विचारा.

तुमची,
सुवार्ता


मैंदर्गी
१५ डिसेंबर १९७३

सुवार्ताताईंना शरणु शरणार्थी.

हे पत्र एकटीनं वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा मालक घरीच होते. मी वाचायला लागले. "हितंच बस, आलेच" हे वाचलं आणि सासूबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाल्या, "दाक्षायणी, पुन्यांदा वाच." मी वाचलं. म्हणाल्या, "ती अक्का मी."

त्यांचं माहेर हद्दीपलीकडचं एक खेडं. लग्न नवव्या वर्षी झालेलं, नांदायला अजून यायच्या होत्या. अकरा वर्षांच्या असताना मानमोडी आली. आधी वडील गेले, तिसऱ्या दिवशी आई. इकडून सासऱ्यांचा निरोप गेला, पोरीला पाठवा, पोराला घेणार नाही. जवळचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाजारात त्यांनी ऐकलं होतं की सोलापूरला मड्डम लोक पोरांना दूध देतात. गावातली चार माणसं मिलच्या कामाला निघाली होती, त्यांच्याबरोबर अक्कलकोट रोड स्टेशनवरून गाडीत बसल्या. भावाला पायरीवर ठेवलं आणि एका छकड्यामागं उभ्या राहिल्या. बाईनं त्याला आत नेलेलं बघितलं. मग निघाल्या. सासरी येऊन सांगितलं, "तोबी गेला."

पंचावन्न वर्षं हेच सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, पोटच्या पोरालाही. मला म्हणाल्या, "एकदा मेला म्हणून सुतक पाळलं. आता जिता हाय कसं सांगू?" डोळ्यांवर पट्टी असताना त्या एकेकाला विचारत होत्या ते यासाठी. म्हणतात, "पाच वर्सांचं पोर. नाव-गाव इसरंल, भाषाबी इसरंल. खाल्लेलं इसरणार न्हाय."

मालक उठून उभे राहिले. मग म्हणाले, "हा विषय इथंच थांबवा. जातीची माणसं काय म्हणतील?" आणि रानात निघून गेले.

सासूबाई सांगतात, वडलांना कळवू नका. अक्का मेली समजून त्यांच्या मनाला शांती असेल तर ती मोडू नका. फक्त त्यांची तब्येत कशी आहे तेवढं मला लिहा. दात आहेत का, असंही विचारतात.

तुमची,
दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
१८ डिसेंबर १९७३

श्रीमती गिरिजाबाई यांस,
शांतवन याचा सलाम.

मुलगी ड्यूटीवर असताना पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं. वर मैंदर्गीचा शिक्का होता, आणि मुलीनं नुकतंच येळवशीचं विचारलं होतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र मी जन्मात कधी फोडलं नव्हतं, ते आज फोडलं. मुलीचा यात दोष नाही. सूनबाईंचाही नाही.

तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात. वरचे दात आहेत, खालचे चार गेले.

तुम्ही वाटेत मेलात असं मी धरून चाललो होतो. लहानपणी रोज प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायचो, म्हणजे अक्का एवढंच. पुढे मोठा झालो, मग वर्षातून एकदा, नाताळला. आता कळतं की ज्या माणसासाठी मी रडलो ते माणूस दीड-दोन तासांच्या एस.टी.वर भाकऱ्या करत होतं. तुम्ही अकरा वर्षांच्या होता, हे मला समजतं. पुढे तुम्ही वीस वर्षांच्या झालात, तीस वर्षांच्या झालात, ते समजत नाही.

मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. माझं नाव काय होतं? आणि नंतर एकदा तरी आलात का?

शांतवन


मैंदर्गी
२१ डिसेंबर १९७३

(सासूबाई सांगतात तसंच लिहिते. दाक्षायणी.)

तम्मा,

तुजं नाव गुरुबसप्पा. आज्याचं ठेवलेलं. एवढं मोठं नाव कोण हाका मारतंय, म्हणून तम्मा.

आले होते. चारदा आले. पैल्यांदा तू गेल्यावर चार वर्सांनी, माज्या मालकांबरोबर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रंला. दुकान बघतो म्हणून सटकले आन् बोर्डिंगच्या कुंपणाला उभी राहिले. पोरं कवायत करत होती. समद्यांची डोकी भादरलेली, समद्यांचे सदरे सारके. त्यातला तू कंचा ते वळकलं न्हाय. जिला आपला भाऊ वळकू येत न्हाय, तिनं हाक कुणाला मारायची? परत आले. पुढं दोनदा गेले तवा दार बंद हुतं. चवथ्यांदा गेले तवा मोठी पोरं कामाला लागून गेली म्हनाले. शांतवन नाव कुणाला ठावं?

वीस वर्सांची झाले, तीस वर्सांची झाले, तू म्हनतोस ते खरं हाय. भीत हुते. दुसरं कारण न्हाय. चांगलं कारण शोधून सांगावं असं वाटलं, पर तुला खोटं न्हाय सांगायचं. एकदा सांगितलं ते लई झालं.

रुद्रप्पा, माजा ल्योक, रागावलाय. रागावू दे.

तुज्या सणाला मी येऊ का, हे विचारत न्हाय. विचारलं तर तू न्हाय म्हनशील. ही चिठ्ठी मौलाली कंडक्टरच्या हाती देते, पोस्टानं उशीर हुईल.

अक्का


भवानी पेठ, सोलापूर
२८ डिसेंबर १९७३

प्रिय दाक्षायणी,
सलाम.

मी बावीस तारखेला टाकलेलं कार्ड तुम्हाला वेळेवर मिळालं नसणार. त्यात लिहिलं होतं की बाबांनी चिठ्ठी वाचून पवित्र शास्त्रात घडी करून ठेवली आहे, कुणाशी बोलत नाहीत, सासूबाईंना इतक्यात पाठवू नका. मिळालं असतं तर तुम्ही त्यांना अडवलं असतं. पोस्टाच्या उशिराबद्दल मी पहिल्यांदा देवाचे आभार मानले.

पंचवीसला आम्ही अकरा वाजता उपासनेहून परतलो. अकबरीचाचीच्या उंबऱ्यावर इरकली लुगडं नेसलेली एक बाई मांडीवर डबा धरून बसली होती. चष्म्यामुळे क्षणभर मीही ओळखलं नाही. आमच्या दाराला कुलूप होतं, चाचीनं आत बोलावलं तर "हितंच बरी हाय" म्हणून बसून राहिल्या होत्या. मौलालींनी त्यांना सकाळी सातच्या गाडीनं आणून सोडलं होतं.

बाबा थांबले. आईनं विचारलं, "कोण गं?" मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "माझी बहीण."

त्या उभ्या राहिल्या. दोघांची उंची सारखी आहे, तुम्ही बघाल तेव्हा कळेल. बाबा म्हणाले, "उशीर केलास."

"व्हय," त्या म्हणाल्या.

"चल आत."

बस. गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या, त्यांना वाटलं असेल दर वर्षीची पाहुणी आहे.

आईला खरी काळजी मटणाची, तुमच्यात चालत नाही ना. तिनं पातेलं उचललं आणि चाचीच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. सासूबाईंनी डबा उघडला. आदल्या दिवशीची येळवशीची भज्जी आणि उंडे. म्हणाल्या, "आईची करायची पद्धत हीच. खा." बाबांनी एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग हळूच ताटली खाली ठेवली.

"ही ती नाही," म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंचा चेहरा उतरला. आई गडबडीनं म्हणाली, "अहो, चव विसरतो माणूस." बाबा म्हणाले, "मी विसरलेलो नाही. तुझी दे." आईनं आपली भाजी वाढली. तेव्हा सासूबाईंनी हात लांबवला, आणि ज्या आमच्याकडचं पाणीही पितील की नाही याचा मी त्यांना पाहिल्यापासून विचार करत होते, त्यांनी बाबांच्या ताटलीतलाच घास उचलून तोंडात घातला.

"हिच्यात चिंच हाय," त्या म्हणाल्या.

आई म्हणाली, "हो. हे म्हणायचे आंबटपणा वेगळा होता. मी ताक घालून बघितलं, चुका घातला, लिंबू पिळलं. दहा वर्षं नाही-नाही म्हणत होते. चिंच घातली तेव्हा म्हणाले, हीच."

सासूबाईंनी जमिनीवर हात टेकला. "तम्मा, ही आईची न्हवं. आई ताकातली करायची. ही मी केलती. घरात दोगंच उरलो, म्हस भाकड, ताक कुटलं? चिंच घातली. तुला हिकडं आणायच्या आदल्या दिवशी. येळवस लांब हुती, पर म्हटलं, ह्याला पुढं कोण देनार, म्हणून केली. मला येतबी न्हवती. तू तीन वाडगी खाल्लीस."

बाबांनी ताटलीतली उरलेली भाजी संपवली. मग म्हणाले, "मी सगळ्यांना आईची सांगत आलो."

"सांग की. आईचीच म्हण. माजं काय जातंय?"

"नाही," बाबा म्हणाले. करंज्यांचं ताट घ्यायला चाची दारात आली होती. तिला हाक मारून म्हणाले, "अकबरी, ही भाजी माझ्या बहिणीची आहे. इतकी वर्षं मी चूक सांगत होतो." आणि मग बाबा रडले. आईनं मला बाहेर ओढलं, म्हणून पुढचं ठाऊक नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं. बाबा म्हणाले, "एक कार्ड?" त्या म्हणाल्या, "लिवाय येत न्हवतं." "लिहून घ्यायचंस." "कुणाकडनं? गावभर झालं असतं." बाबा दुपारपर्यंत मागच्या दारी बसून राहिले. चारच्या सुमाराला दोघंच बोर्डिंगकडे जाऊन आले. मला बरोबर नेलं नाही. काय बोलले ते मी दोघांनाही विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही.

काल दुपारच्या गाडीनं त्या निघाल्या. आईनं करंज्या दिल्यात, शुद्ध तुपातल्या. पोचल्या का? मालक काय म्हणाले? मला सगळं लिहा, काही गाळू नका.

तुमची,
सुवार्ता


मैंदर्गी
१६ जानेवारी १९७४

प्रिय सुवार्ताला दाक्षायणीचे शरणु शरणार्थी.

आता तू माझी नणंद झालीस, म्हणून अहो-जाहो सोडलं.

सासूबाई पोचल्या. लिहायला उशीर केला, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. मालक पंधरा दिवस आईशी बोलले नाहीत. जेवण वाढलं की खायचे आणि उठायचे. करंज्यांना हात लावला नाही. मी आणि पोरांनी संपवल्या. फार खुसखुशीत होत्या. खोबरं भाजून घालता की कच्चं?

परवा संक्रांतीला आमच्याकडं वाणाला बायका आल्या. पंचवीस-तीस असतील. सासूबाई विधवा, त्या एरवी अशा वेळी माजघरातून बाहेर येत नाहीत. त्या बाहेर आल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माजा भाऊ मानमोडीत मेला असं मी सांगितलं हुतं. ते खोटं. तो सोलापुरात हाय, किरिस्ताव हाय, मी त्याच्या घरी जेवून आले. ज्यांना आमच्या हातचा तीळगूळ नको त्यांनी जावं, राग न्हाय." सहा जणी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. मल्लव्वा म्हणून आमची एक म्हातारी शेजारीण आहे, ती म्हणाली, "गिरिजा, बस आता, पाय दुखतील." मग सगळ्यांनी एकदम विचारायला सुरुवात केली. कसा दिसतो, काय करतो, पोरं किती. सासूबाई संध्याकाळपर्यंत सांगत होत्या.

मालक पलीकडं ओसरीवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. मला वाटलं, आज घरात काहीतरी फुटणार. रात्री जेवायला बसले. सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. मालकांनी दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "येळवशीला मामांना बैलगाडी चालेल का? स्टँडपासून आपल्या रानापर्यंत रस्ता खराब आहे, एस.टी. पुढं येत नाही."

सासूबाईंची वात हातातच राहिली. मी म्हटलं, "मला काय माहीत? विचारून सांगते."

तेव्हा तेवढं विचारून लगेच कळव.

तुझी,
दाक्षायणी